पाहिजे: हळदीसाठी संगणक जाणणारा माणूस

मी तापट आहे. हे मी वेगळं सांगायची गरज नाही, वसमतमध्ये माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला कुणी बोथट ब्लेड घेऊन आलं की माझा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा म्हणे. अशा बाईवर नोकरभरतीची पाळी येऊ नये, त्यातून संगणकवाल्यांच्या भरतीची तर नाहीच नाही. मी स्वतः तेव्हा माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत नेत असे आणि आता पुढं जागा नाही म्हणून चिडत असे. स्वतःला पोहता येईना आणि निघाले पाणबुडे निवडायला, अशातली गत.

गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण आमचं टपाल अजून सवयीनं परभणीला जाऊन, तिथं चार दिवस आराम करून मग आमच्याकडं येई. असंच एक पाकीट उशिरा आलं आणि त्यात माझा प्रकल्प मंजूर झाल्याचं पत्र निघालं. प्रकल्प हळदीचा. गावोगावचं हळदीचं बेणं, म्हणजे लावणीसाठी राखलेले गड्डे, आणून कॉलेजमागच्या जमिनीच्या तुकड्यात वाफ्या-वाफ्यानं लावायचे. प्रत्येक नमुन्याचं पान किती लांब, हळकुंडं किती, रोग कुठला पडला, हे सगळं संगणकात भरायचं. पुढं देशातल्या कुठल्याही संशोधकाला ते पाहता यावं, असा हळदीचा माहितीकोश करायचा. त्यासाठी दोन जागा मिळाल्या: एक सॉफ्टवेअर लिहिणारा आणि एक डेटाबेस सांभाळणारा.

अट मात्र सरळ होती. तिसऱ्या वर्षी फाल्गुनात तपासणी समिती येणार. तोपर्यंत माहितीकोश चालू दिसला तर ठीक, नाहीतर संगणक, नोंदी, बेणं सगळं उचलून शहरातल्या संस्थेत न्यायचं. ते बेणं मी एसटीच्या खिडकीशी बसून, मांडीवर पोतं घेऊन, एकेका गावातून आणलं होतं. ते कुणी टेम्पोत भरून नेणार, या विचारानंच माझं डोकं तापे.

जाहिरात दिली. पहिल्या दिवशी आठ जण आले. एकाकडं टंकलेखनाचं प्रमाणपत्र होतं आणि फक्त टंकलेखनाचंच. एकानं आमदारांची चिठ्ठी आणली होती, तीही दुसऱ्याच कुठल्या तरी खात्याच्या नावानं. एक जण दवाखान्यात कंपाउंडर होता. जीवशास्त्र म्हटल्यावर इंजेक्शनं असतीलच, असा त्याचा हिशेब. तो सगळ्यात नम्र होता, त्यामुळं त्याला नाही म्हणताना मला फार वाईट वाटलं. बाकीच्यांनी बसायच्या आधी एकच विचारलं, "मॅडम, परमनंट हाय का?"

त्यातला नांदेडचा एक मुलगा मी निवडला. हुशार होता. दोन महिन्यांत त्यानं कामचलाऊ प्रोग्रॅम लिहिला आणि तिसऱ्या महिन्यात हैदराबादला चांगली नोकरी लागली म्हणून पेढे देऊन गेला. पेढे खाऊन संगणक उघडला, तर त्यानं फाईलला पासवर्ड घातलेला. मी रागारागानं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं ते उघड्या पोस्टकार्डावर, ठळक अक्षरांत पासवर्डसह. खाली 'कृपया गुप्त ठेवावा' अशी सूचना. पोस्टमननं कार्ड हातात देताना सांगितलं, "मॅडम, पासवर्ड आलाय तुमचा. चांगला हाय." पुढं वर्षभर पोस्टातल्या लोकांना आमच्या हळदीची माहिती कधीही पाहता आली असती. त्यांना त्यात रस नव्हता, हे माझं नशीब.

दुसरा माणूस नागपूरचा. कागदावर तर हिराच. त्याला नेमणूकपत्र पाठवलं, राहायला खोली पाहिली, खोलीत माठ भरून ठेवला. ठरल्या दिवशी दुपारी प्राचार्यांच्या खोलीतला फोन वाजला. तो वारंगा फाट्यावरून बोलत होता, गाडी बदलायला उतरला होता.

"मॅडम, मी इथपर्यंत आलो," तो म्हणाला.

"छान. आता वसमतची गाडी पकडा."

"नाही मॅडम. इथं दोन तास बसलो, चहा घेतला, विचार केला. मी परत जातो."

त्यानं हे इतक्या सभ्यपणानं सांगितलं की मी "बरं, नीट जा" म्हणून फोन ठेवला. ठेवल्यावर संताप आला. तो प्राचार्यांना ऐकावा लागला, कारण खोलीत तेच होते.

अशी दोन वर्षं गेली. वाफे हिरवेगार आणि संगणक रिकामा. शेवटच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा जाहिरात दिली. या वेळी नांदेडहून संगणकाचे एक प्राध्यापक तज्ज्ञ म्हणून बोलावले, म्हणजे निदान प्रश्न तरी बरोबर विचारले जातील. ते, प्राचार्य आणि मी असे तिघं बसलो. माझ्या हट्टानं एक लेखी परीक्षाही ठेवली: आमच्या नोंदवहीतलं एक पान, वीस नमुन्यांचं, आणि एक कोरा कागद. या माहितीचे तक्ते कसे कराल ते आखून दाखवा.

सगळ्यांचे कागद सारखे आले. नमुना क्रमांक, गाव, शेतकऱ्याचं नाव, तारीख, पानाची लांबी. सरळ रेघा, सुबक अक्षर, प्रश्न संपला. मग एका मुलीचा कागद आला. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी एक तांडा आहे, तिथली मुलगी. बी. एस्सी. करून नांदेडला वर्षभराचा संगणकाचा कोर्स केलेला. लाल पागोटं बांधलेले वडील बाहेर व्हरांड्यात बसले होते. तोंडी परीक्षेत तिला दोन उत्तरं आली, तिसऱ्यावर अडकली आणि खाली बघत राहिली. तज्ज्ञांनी गुण लिहून पेनाचं टोपण लावून टाकलं.

तिच्या कागदावर मात्र एक रकाना जास्त होता. 'बेणं कोणाकडून?' त्याखाली बरीच घरं रिकामी होती, एका ठिकाणी फक्त सात हा आकडा होता.

"हे काय?" तज्ज्ञांनी विचारलं. "नोंदवहीत असं काही नाही."

"न्हाई सर, नोंदवहीत न्हाई," ती म्हणाली. "पण हळदीचं बेणं आमी दुकानातून न्हाई आणत. कोणाच्या तरी घरून आणतो. हा अकरावा नमुना माझ्या आत्याच्या घरचा हाय, नाव वळखलं मी. तिनं ते बेणं ह्या सातव्या घरून आणलं. तिची नणंद दिलीय तिथं. मीबी बैलगाडीत बसून गेले व्हते."

"मग?"

"मग हे दोन नमुने न्हाईत, एकच हाय. मॅडमनं दोनदा मोजलं."

प्राचार्य एकदम छताचा पंखा न्याहाळू लागले. ज्या नोंदवहीसाठी मी दोन वर्षं उन्हातान्हात फिरले, तिला माझ्यासमोर चूक म्हणणारं हे पहिलं माणूस. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तज्ज्ञांनी टेबलावर थाप मारली.

"अहो, तक्ता स्वतःकडंच बोट दाखवतोय! एक नोंद त्याच तक्त्यातल्या दुसऱ्या नोंदीला जोडलीय. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकवतो आणि निम्म्या वर्गाला कळत नाही. तुला कुणी शिकवलं?"

"कोणी न्हाई, सर. हळद तशीच येते."

माझा राग कुठं गेला, मला कळलं नाही. मी इतकी खूश झाले की निकाल लावायच्या आधीच उठून बाहेर तिच्या वडिलांकडं गेले. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, "परमनंट हाय का, मॅडम?"

"न्हाई हो. फाल्गुनापर्यंतच धरून चाला."

"पोरगीला शिकायला भेटंल का काही?"

"ते मात्र भरपूर."

"मंग ठेवा," ते म्हणाले आणि पागोटं सारखं करून उठले.

तिला दोन्ही कामं दिली, कारण दुसरं कुणी नव्हतंच. जुना प्रोग्रॅम तिनं पंधरा दिवसांत सोलून काढला आणि नव्यानं लिहिला. वीज दिवसातून निम्मा वेळ नसायची. वीज असली की ती संगणकावर आणि गेली की भाजीबाजारात. तिथं भाजीवाल्या बायकांशेजारी मांडी घालून बसायची. माझी पद्धत म्हणजे पुरुषांना विचारायचं. ते जात सांगायचे, "सेलम हाय," की लिहिलं सेलम. ती बायकांना विचारायची, बेणं घरात कसं आलं. मग कुणी सांगायचं, भावानं दिलं. कुणी म्हणायचं, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले, येताना आईनं ओटीत दोन गड्डे टाकले. इकडची रीतच आहे, लेक बेणं मागायला आली तर तिला रिकामी पाठवत नाहीत. माझ्या नोंदवहीत सगळी नावं पुरुषांची, आणि तिच्या पडद्यावर एका घराकडून दुसऱ्या घराकडं जाणारा प्रत्येक बाण कुठल्या ना कुठल्या लेकीच्या मागून गेलेला. पहिल्यांदा ते चित्र पडद्यावर उमटलं तेव्हा मी तिच्या खुर्चीमागं उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला म्हटलं, धूळ फार झालीय खोलीत, मामांना झाडायला सांग.

मामा म्हणजे आमचे शिपाई. वयानं प्राचार्यांहून मोठे आणि माहितीनं सगळ्यांहून.

त्या चित्राचा उपयोगही लगेच झाला. एका वाफ्यात कंदकूज लागली, म्हणजे गड्डे जमिनीत सडू लागले. तिनं बाण उलटे पकडत नेले आणि कुठल्या तीन घरांत तेच बेणं आहे ते सांगितलं. आम्ही एसटीनं जाऊन त्यांना सावध केलं. त्यातल्या एका घरी आम्हाला जेवू घालूनच सोडलं, आणि ती बाई माझ्याकडं दुर्लक्ष करून तिलाच वाढत राहिली. मला जरा लागलं ते, पण भाकरी फारच चांगली होती.

संक्रांत झाली. समिती यायला महिना राहिला. मी इतकी निर्धास्त होते की वर्गात दोन दिवस कुणावर ओरडले नव्हते. बुधवारी सकाळी मस्टरवर सही करायला प्राचार्यांच्या खोलीत गेले, खोलीत मामा कपाट पुसत होते. फोन वाजला, मी उचलला. पुण्याची एक कंपनी होती. आमच्याकडं यायच्या आधी तिनं तिथं अर्ज केला होता, नंतर आमचा नंबरही कळवला होता, आता जागा निघाली होती. मुलगी आहे का? सोमवारी हजर होता येईल का?

खिडकीतून ती मला दिसत होती. वाफ्यात उकिडवी बसून, कोपरापर्यंत माती, गड्डे काढत होती.

"ती बाहेर गेलीय," मी म्हणाले. "पुण्याला, सोमवारी. बरं, सांगते तिला."

बुधवारी मी तिला सांगितलं नाही. गुरुवारीही नाही. मनाशी कारणं मात्र भराभर जमवली. पुणं फार मोठं आहे. एकटी पोरगी, राहणार कुठं. कंपन्यांचा काय भरवसा, आज ठेवतील, उद्या काढतील. इथं मान आहे, घर जवळ आहे. गुरुवारी दुपारी डबा उघडून बसले होते आणि अचानक लक्षात आलं, ही वाक्यं माझी नाहीत. मला एम. एस्सी.ला औरंगाबादला जायचं होतं तेव्हा माझ्या चुलत्यांनी वडिलांना हीच सांगितली होती, याच क्रमानं. वडिलांनी ऐकली नाहीत म्हणून मी आज इथं खुर्चीत बसून डबा खात होते. मी डबा तसाच बंद केला. तरीही संध्याकाळी मी तिला सांगितलं नाही, कारण डोळ्यांपुढं तो टेम्पो येत होता. मला माझीच लाज वाटत होती आणि तरी मी गप्प होते. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं.

शुक्रवारी सकाळी ती तुकड्यात गड्ड्यांचं वजन करत होती. मी जाऊन समोर उभी राहिले.

"बुधवारी तुला पुण्याहून फोन आला होता. सोमवारी बोलावलंय. मी तुला सांगितलं नाही."

तिनं काट्यावरचा आकडा लिहून घेतला. मग म्हणाली, "म्हाईत हाय, मॅडम. मामांनी बुधवारीच सांगितलं."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"काल एसटीडीवरून मी त्यांना फोन केला. दीड महिन्याची मुदत मागितली. दिली त्यांनी."

माझा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी मी ओशाळले. "म्हणजे तू थांबणारच होतीस. मग मला आधी सांगायचं नाही का?"

"हळदीसाठी थांबले, मॅडम," ती म्हणाली. "तुमच्यासाठी थांबायचं का न्हाई, ते बघून राहिले व्हते."

बसस्टँडपर्यंत पोचणारा माझा आवाज त्या दिवशी शेजारच्या वाफ्यापर्यंत गेला नाही. मग तिनंच माझ्या हातात गड्ड्यांची पाटी दिली आणि म्हणाली, "धरा हे. पुढचा सव्विसावा."

समिती ठरल्याप्रमाणं आली आणि ठरल्याप्रमाणंच वीज गेली. तिनं ते गृहीतच धरलं होतं. आदल्या दिवशी तिनं प्रिंटरच्या सलग लांब कागदावर सगळं चित्र छापून व्हरांड्याच्या भिंतीला चिकटवून ठेवलं होतं, वर्गापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. समितीचे तिघं बाणाबाणानं चालत गेले. प्रश्न इंग्रजीत आले, तिनं उत्तरं मराठीत दिली, आणि पाण्याच्या टाकीशी पोचेपर्यंत तेही मराठीत बोलायला लागले होते. माहितीकोश वसमतमध्येच राहिला. राहिलेल्या दिवसांत नव्या जाहिरातीच्या मुलाखती तिनंच घेतल्या. मी शेजारी गप्प बसावं, अशी तिची अट होती. तिनं निवडलेला मुलगा पुढं चार वर्षं टिकला. मी निवडलेल्यांचं रेकॉर्ड आपण पाहिलंच आहे.

ती निघाली त्या दिवशी मी आणि मामा तिला बसस्टँडवर सोडायला गेलो. तिचे वडील आधीच येऊन पिशव्यांवर बसले होते. मला पाहून उठले, हात जोडले. आजूबाजूला तांड्यावरची पाचसहा माणसं होती, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमचे लई उपकार. तुमचं काम अडलेलं व्हतं. दुसरं कोणी असतं तर तो फोन दाबून ठेवला असता. तुमी लेकराचं भलं बघितलं."

मामांनी खिशातून तंबाखूची डबी काढली आणि डबीकडंच बघत राहिले. खरं सांगावं असं मनात आलं, पण एवढ्या माणसांसमोर जीभ उचलली नाही. मी तिच्याकडं पाहिलं.

वडिलांशी ती नेहमी तांड्याच्या बोलीत बोलायची. ते दोघं बोलू लागले की मला अक्षर कळत नसे. त्या दिवशी मात्र ती मराठीत बोलली, मला समजावं म्हणून.

"व्हय बा," ती म्हणाली. "फोन आला अन् मॅडमनं त्याच दिवशी सांगितलं."

मग ती वाकून माझ्या पाया पडली आणि पिशवी उचलून गाडीत चढली.